पोदेराच्या सायकलीमागून हर्षाताई

धारगळच्या हर्षा परब यांनी गेल्या बारा वर्षांत पेडणे तालुक्यातल्या निदान दोनशे माणसांच्या डोक्यावर सोलकढी उपडी धरली आहे. त्यांत एक सरपंच आहे, एक निवृत्त हेडमास्तर आहे आणि पांढरा शर्ट घालून आलेला एक बँक मॅनेजर आहे. हा मॅनेजर त्या पाच सेकंदांत आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून देवाचं नाव घेताना दिसला, असं सांगतात. एकाच्याही डोक्यावर थेंब पडलेला नाही. हर्षाताई प्लॅस्टिकचे हवाबंद डबे विकतात, आणि डबा हवाबंद आहे हे सांगून पटत नाही, डोक्यावर धरूनच पटतं, अशी त्यांची श्रद्धा आहे.

विद्या तशी साधी. एक लिटरचा डबा गळ्यापर्यंत सोलकढीने भरायचा, झाकण कडेकडेने दाबत न्यायचं आणि शेवटी एक कोपरा किंचित उचलून आतली हवा फुस्सकन सोडून द्यायची.

"डब्याचो ढेकर काढूक होयो," हर्षाताई जमलेल्या बायकांना सांगत. "बाळाक पाजल्यावर काढतंत तसो. ढेकर नाय काढलो तर झाकण रागावता आणि उडता."

मग तो डबा घरच्या सासूबाईंच्या डोक्यावर उपडा. सासूबाईंच्याच का? तर सासू पाच सेकंद जीव मुठीत धरून बसली आहे हे दृश्य बघायला मिळालं की सून खुशीत येते आणि हमखास डबे घेते. हे कंपनीच्या पुस्तकात नव्हतं. हा हर्षाताईंचा स्वतःचा शोध.

कंपनीचं नाव नित्यताजा. कंपनीच्या लेखी हर्षाताई 'होम कन्सल्टंट', आणि त्यातही 'ग्रुप लीडर'. हाताखाली पाच कन्सल्टंट असल्या की लीडरला चांदणीच्या आकाराची एक पिन मिळते. ती पिन हर्षाताई साडीला लावत, गाऊनला लावत, आणि श्रावणात एकदा रेनकोटालाही लावलेली लोकांनी पाहिली आहे. एवढं करूनही गाव त्यांना 'डबेवाली हर्षा'च म्हणे. नवरा गोकुळदास याचं हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान. "आमी दोगांय हवा धरून ठेवच्या धंद्यात," तो गिऱ्हाइकांना सांगे. "ती डब्यात धरता, मी ट्युबात."

पाच कन्सल्टंटांपैकी चार नावापुरत्या होत्या. एकीने स्वतःच्या मुलीच्या लग्नापुरते डबे घेण्यासाठी नाव नोंदवलं होतं, दुसरीला पिशवी फुकट मिळाली म्हणून ती आली, उरलेल्या दोघी बैठकीला चहाच्या वेळी येत आणि चहा संपला की जात. खरी कन्सल्टंट पाचवी, सेजल.

सेजल डिचोलीची. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन धारगळला आली, ती हर्षाताईंपासून पुरत्या तीन दारांवर. नवरा गौरेश मोपाच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर नोकरीला. तो लोकांच्या बॅगा जगभर पाठवायचा आणि त्याची बायको मागच्या पायरीवर बसून उतरणारी विमानं मोजायची. हर्षाताईंना हे बघवलं नाही. एका सकाळी त्या निळा डबा घेऊन सेजलच्या दारात उभ्या राहिल्या. डब्यात साखर होती.

कारण डबा रिकामा द्यायचा नसतो. तसाच तो रिकामा परतही करायचा नसतो. हा नियम आपल्याकडे घटनेपेक्षा जुना आहे, आणि त्याच्यामुळेच आपल्याकडे कुणाचाही डबा वेळेवर परत येत नाही. आत घालायला काहीतरी होईपर्यंत तो थांबतो. सेजलने तो चार दिवसांनी परत केला तेव्हा त्यात डिचोलीहून आणलेले बेसनाचे लाडू होते. मग हर्षाताईंनी त्यातून आमसुलं पाठवली. तिकडून फणसाचे गरे आले. असा तो निळा डबा तीन वर्षं तीन दारांमधून ये-जा करत होता आणि एकदाही रिकामा चालला नव्हता.

त्या तीन वर्षांत हर्षाताईंनी सेजलला सगळी विद्या दिली. ढेकर दिला, सासू दिली. गावाची वाटणी करून दिली: ओहोळाच्या अलीकडली घरं हर्षाची, पलीकडली सेजलची. आणि झाकणांचा कायदा शिकवला. लग्नाकार्यात डबे गोळा होतात आणि झाकणं भलत्याच घरी नांदायला जातात, म्हणून प्रत्येकीने आपल्या दाखवायच्या डब्याच्या झाकणाला आतून नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. हर्षाताईंचा ठिपका टोमॅटोसारखा लाल. सेजलने वांग्याचा रंग घेतला.

हे सगळं गेल्या चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, तोंडावर मोडलं, आणि ते गंगाकाकींच्या वजेंपायी.

गंगाकाकी ओहोळाच्या अलीकडच्या, म्हणजे हर्षाताईंच्या. त्यांची मुलगी गौरवी मे महिन्यात मोरजीला दिली. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेरून सासरी लाडू, नेवऱ्या म्हणजे करंज्या, फळं असं भरभरून पाठवायचं, ते वजें. सासरचे ते सगळ्या वाड्यावर वाटतात आणि सगळा वाडा ते खाताना नावंही ठेवतो. गंगाकाकींनी लग्नाच्या मांडवातच हर्षाताईंना शब्द दिला होता, की वजें एकवीस डब्यांतून जाईल आणि डबे तुझ्याकडचे.

त्या एकवीस डब्यांवर हर्षाताईंनी मनोराज्य बांधलं होतं. "मोरजीच्या किनाऱ्यार कासव कसां येता, अंडी घालता आणि जाता? तसे आपले डबे थंय ठेवून येवचे. फुडल्या वर्सा त्यातसून गिऱ्हायकां भायर पडतली."

"कासवाची पिल्लां दर्यात जातंत गो," गोकुळदास टायरमधून मान वर न काढता म्हणाला. "तुझ्या घराकडे येणंत नाय."

आणि ऑगस्टातल्या एका रविवारी छत्री सांभाळत जाताना हर्षाताईंनी पाहिलं: गंगाकाकींच्या अंगणात सेजलची स्कूटर. पडवीत नित्यताजाचे नवेकोरे डबे रचलेले. त्यांनी मोजले. वीस, आणि एक सेजलच्या हातात. सेजलने त्यांना पाहिलं. पाहिलं, आणि डबा हातात घेऊन ती आत निघून गेली.

डबे गेल्याचं दुःख हर्षाताईंना झालंच, पण ती आत गेली, ते जास्त लागलं. ती तिथेच उभी राहून "येवा ताई" म्हणाली असती तर हर्षाताईंनी भांडून मोकळं केलं असतं. आत गेलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

आता अशा वेळी शहाणं माणूस काय करतं? तीन दारं चालून जातं आणि विचारतं. हर्षाताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराला सांगितलं.

पोदेर म्हणजे पाववाला. धारगळचा पोदेर बाबली. सकाळी सहाला त्याच्या सायकलीचा भोंपू वाजतो, मागच्या टोपलीत उंडे आणि कातरे पाव, टोपलीवर निळं प्लॅस्टिक. पण बाबलीचा पाव हा निमित्तमात्र. ज्या घरी पाव खात नाहीत त्या घरीही बाबली थांबतो.

"वयनी, आज तोंड कित्या सुजलां?" बाबलीने विचारलं.

"काय सांगू, बाबली. डिचोलीच्या माणसाक डबो दिवचो, पण झाकण दिवचां नाय."

वाक्य तोंडातून निघालं तेव्हा स्वतः हर्षाताईंनाही ते आवडलं. बाबलीला तर फारच आवडलं. त्याने उंडे मोजून दिले, एक जास्तीचा दिला, आणि वाक्य टोपलीत घालून निघाला.

पहिल्या दाराला वाक्य जसंच्या तसं पोचलं. चौथ्या दाराला सेजलने हर्षाचं झाकण नेलं होतं. ओहोळ ओलांडताना झाकणाची झाकणं झाली. शेवटच्या वाड्यावर बातमी होती की डिचोलीत चोरीच्या झाकणांचा मोठा बाजार भरतो. परत येताना बाबली सेजलच्या दारात थांबला. माणूस सरळ. त्याने चार उंडे दिले आणि स्वच्छ मनाने विचारलं, "बाय, तुज्याबद्दल अशी अशी खबर आसा. खरी काय गो?"

अर्ध्या तासाने बाबलीचा भोंपू हर्षाताईंच्या दारात पुन्हा वाजला. "वयनी, डबो धाडला."

निळा डबा. हर्षाताईंनी उघडला. आत चार घड्या घातलेला एक कागद, बाकी काही नाही. त्यांनी बोट आतून कोपऱ्यांतून फिरवलं, जिभेला लावलं. साखरेचा कण नाही, रव्याचा दाणा नाही. डबा घासून, धुवून, पुसून, सुकवून रिकामा पाठवला होता.

कागद म्हणजे कंपनीचा गटबदलाचा अर्ज. अर्जदार सेजल, जायचंय म्हापशाच्या गटात, खाली जुन्या लीडरच्या सहीची जागा. शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर अर्ज बाद.

"पिन जातली," हर्षाताई म्हणाल्या.

"पिन जाता ती जावंदी," गोकुळदास म्हणाला. "रिकामो डबो इलो, ता बग."

त्या तेच बघत होत्या.

मंगळवारी कंपनीचे एरिया मॅनेजर दत्तप्रसाद आले. वय तिशीच्या आतलं, टाय पावसात भिजलेला, आणि नुकताच पुण्याहून तंटे मिटवण्याचा दोन दिवसांचा कोर्स करून आलेले. सेजलला त्यांनी बोलावून घेतलं. ती आली, कारण दत्तप्रसादांनी फोनवर तीन वेळा 'प्लीज' म्हटलं होतं. हर्षाताईंच्या हॉलात दोघी दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसल्या. मध्ये लॅपटॉप. त्यावर 'विश्वासाचा पूल' असं चित्र यायचं होतं, पण लॅपटॉपला नेमकं त्याच वेळी स्वतःला सुधारायचं होतं, तो अठरा टक्क्यांवर थांबला.

"हरकत नाही," दत्तप्रसाद म्हणाले. "आधी फक्त एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं. एक मिनिट. शांतपणे."

दोघींनी बघितलं. वीस सेकंदांनी दत्तप्रसादांनी स्वतःसाठी पाणी मागितलं.

"आता बोलू या. पण वाक्य 'तू' ने सुरू करायचं नाही. आरोप होतो. 'मला असं वाटतं' ने सुरू करायचं. हर्षाताई, तुम्ही."

हर्षाताईंनी घसा साफ केला. "माका असां वाटता, काय तू लबाड आसस."

"म्हणजे... सुरुवात छान होती," दत्तप्रसाद म्हणाले. "सेजलताई?"

सेजल खाली बघत होती. "म्हाका दिसता," ती म्हणाली, आणि थांबली. मग तिने एकदम मान वर केली. "ताई, चुकलें म्हजें. तुमकां पळोवन हांव भितर गेलें. चुकलें. पूण तुमी जें म्हणलें, तें म्हाका पोदेरान सांगलें. उंड्यांबरोबर. तीन दारां आसात मदीं. तीन! येवन म्हज्या तोंडार म्हणपाक जायनाशिल्लें?"

हर्षाताईंनी साडीवरची पिन सरळ केली.

"आनी म्हणलें तेंय म्हज्या म्हायराचें. आवय फोनार विचारता, किते गो, तुका थंय चोर म्हणतात?" सेजल उठली. "डब्यांचें किते जालें तें गंगाकाकीक विचारात. हांव सांगचें ना, तिका शब्द दिला. तुमी फकत सही करात."

ती गेली. लॅपटॉप म्हणाला, सुधारणा पूर्ण. पडद्यावर पूल आला. फार सुंदर पूल होता. दत्तप्रसादांनी चहा घेतला, दोन शंकरपाळी खाल्ली, आणि जाताना दारात हळूच म्हणाले, "ताई, कोर्समध्ये दुसऱ्या दिवशी जी उदाहरणं होती ना, ती एवढी अवघड नव्हती."

बुधवारी हर्षाताई गंगाकाकींकडे गेल्या त्या भांडायच्याच तयारीने. पदर खोचलेला, पिन लावलेली. गंगाकाकी चुलीपुढे रवा चाळत होत्या, नेवऱ्यांच्या सारणाचा. त्यांनी भांडण सुरू होऊ दिलं नाही. "बस. चाय घे. साखर घाल तुझी तू, डबो थंय आसा."

हर्षाताईंनी साखरेचा डबा उघडला. बारा वर्षांची सवय, झाकण हातात आलं की आपोआप उलटं होतं. त्यांनी ते उलटं केलं.

आतून वांगी रंगाचा ठिपका.

"काकी, ह्या सेजलचां झाकण."

"तर कोणाचां? तुझां?" गंगाकाकींनी चाळण खाली ठेवली. "तुझां झाकण गेल्या दिवाळीत चिरलां. जन्माची गॅरंटी म्हणून तूच सांगलं ना? किती फावटी सांगलां तुका, झाकण बदलून दी म्हणून? 'येतंय काकी, उद्यां येतंय.' उद्यां करतां करतां आट म्हयने गेले. मुयांनी साखर खाल्ली, मी मुयो खाल्लंय. शेवटी मी सेजलाक विचारलां. कंपनीकडसून येवक म्हयनो लागतलो म्हणाली, आणि आपल्या दाखवच्या डब्याचां झाकण काढून माका दिलां. ह्यां. तेवासून तिचो डबो उगडो. ती दुसऱ्याचो डबो मागून लोकांक दाखयता."

हर्षाताईंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"म्हणून वजेंचे डबे मी तिका सांगले. तुका दिलेलो शब्द मोडलो तो मी. आणि तिका म्हटलां, हर्षाक आताच सांगू नको, ती चवथ होवंक दिवची नाय. तिना चार फावटी म्हटलां, काकी, ताईक सांगया. मी नको म्हटलां. तिना लपवलां ता चूक. पण गिऱ्हायकाची गजाल भायर सांगूची नाय, ह्या तिका शिकवलां कोणी?"

शिकवणारी व्यक्ती चहात साखर घालायची विसरून तो तसाच पीत होती.

'डिचोलीच्या माणसाक झाकण दिवचां नाय.' आणि झाकण दिलं होतं ते डिचोलीनेच. धारगळच्या झाकणाची वाट बघता बघता साखर मुंग्यांनी नेली होती.

घरी आल्यावर हर्षाताई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा गोकुळदास घाबरतो. तो पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बसला होता. "काय, बुडबुडो गावलो?"

"गावलो."

"खय?"

"माझ्याच ट्युबात."

गोकुळदासने विजय मिरवला नाही. एवढ्या वर्षांत तो तेवढं शिकला होता.

गुरुवारी सकाळी पावणेसहाला हर्षाताई छत्री घेऊन फाटकात उभ्या होत्या. भोंपू वाजला.

"बाबली, एक खबर न्हेवची आसा. सगळ्यांक सांग, हर्षा चुकली. झाकण हर्षान दिलां नाय, सेजलान दिलां."

बाबलीने सायकल टेकवली आणि दाढी खाजवली. "वयनी, सांगतंय मी. पण तुका खरां सांगू? ही खबर धावची नाय. वायट खबर टोपलीत बसता आणि आपणच उडी मारता. बऱ्या खबरेक ढकलत न्हेवची लागता. दोन दारां जायत, तिसऱ्याक लोक म्हणतले, दोन उंडे दी आणि चल."

हर्षाताईंनी छत्री उघडली. मग पदर खोचला. "चल तर. मी ढकलतंय."

आणि पेडणे तालुक्याच्या ज्ञात इतिहासात जे कधी घडलं नव्हतं ते त्या सकाळी घडलं. पुढे पोदेराची सायकल, आणि मागून छत्री धरून, चिखल चुकवत, चांदणीची पिन लावलेली ग्रुप लीडर. भोंपू वाजला की दार उघडे. बाबली उंडे मोजी. तेवढ्या वेळात हर्षाताई म्हणत, "सोमवारी तुमकां जी खबर पावली ना, ती खोटी. मी सांगलेली. सेजलान कोणाचां झाकण घेवक नाय. माझ्या गिऱ्हायकाक तिना आपलां दिलां. मी चुकलंय."

पहिल्या दाराला जीभ जड झाली. पाचव्या दाराला वाक्य पाठ झालं. नवव्या दाराला एक आजी म्हणाल्या, "तें जावंदी, माज्या तांदळाच्या डब्याचां झाकणय चिरलां मगो," तेव्हा हर्षाताईंनी तिथल्या तिथे बाबलीकडून पेन मागून हातावर नाव लिहून घेतलं. ओहोळ ओलांडेपर्यंत हातावर सात नावं झाली. सगळी 'उद्या येतंय' म्हणून सोडलेली गिऱ्हाइकं. हात कोपरापर्यंत भरला. शेवटच्या वाड्यावर डिचोलीच्या झाकणांच्या बाजाराची चौकशी करणारा एक गृहस्थ भेटला. त्याला खरंच तिथे जायचं होतं. त्याची समजूत घालायला दहा मिनिटं गेली आणि एकंदरीत तो नाराजच झाला.

बाबलीचा पाव त्या दिवशी एक तास उशिरा पोचला, पण एकाही घरातून तक्रार आली नाही. असा तमाशा पावाबरोबर रोज मिळत नाही.

शेवटचं दार सेजलचं. भोंपू वाजला. सेजल दारात आली. केस बांधायचे राहिलेले, हातात पावाची पिशवी. मागे गौरेश, विमानतळाच्या गणवेशात, एका पायात बूट.

हर्षाताई साडीच्या ओच्यापर्यंत चिखलाने भरल्या होत्या. पाठ केलेलं वाक्य इथे नेमकं आठवेना.

"सतरा दारां केलंय," त्या म्हणाल्या. "तुझां अठरावां. पयलां असूक होयां होतां. चुकलां माझां, सेजल."

त्यांनी छत्रीखालून निळा डबा पुढे केला. सेजलने उघडला. आत अर्ज होता. खाली सही, 'हर्षा गोकुळदास परब', ठळक, तारखेसकट. आणि अर्जावर एक झाकण. सेजलने ते उलटं केलं. आतून टोमॅटोसारखा लाल ठिपका. दोनशे डोक्यांवरून निभावून आलेलं, बारा वर्षांचं झाकण.

"ताई, तुमचो डबो उगडो उरतलो मगो."

"तुझो इतके दिस उगडोच होतो."

सेजलने झाकण पुन्हा डब्यात ठेवलं. डबा पोटाशी धरला आणि दार लावून घेतलं.

बाबलीने बंद दाराकडे बघितलं. "वयनी," तो म्हणाला, "तिना पाव घेवंक नाय."

शुक्रवारी दुपारी पेडण्यात एका महिला मंडळात हर्षाताईंचा कार्यक्रम ठरलेला होता. चाळीस बायका, हॉल, पंखे. सोलकढी घेऊन गेल्या, कारण सवय. पण त्यांच्या उघड्या डब्याला झाकण नव्हतं, आणि नव्या झाकणावर त्यांचा भरवसा बसेना. त्यांनी सोलकढीच्या जागी तांदूळ भरून दाखवायचं ठरवलं. तांदूळ सांडले तर सांडले. बायका निराश झाल्या. सोलकढीची कीर्ती पेडण्यापर्यंत गेलेली होती.

"ओ, कढी खय?" मागून कुणीतरी ओरडलं. "आमी सासूक हाडलां!"

तेवढ्यात हॉलच्या दारात स्कूटर थांबली. सेजल आत आली. एका हातात निळा डबा, दुसऱ्या हातात लाल ठिपक्याचं झाकण. सरळ टेबलाजवळ आली, निळा डबा बाजूला ठेवला, हर्षाताईंच्या डब्यातले तांदूळ काढले आणि त्यात गळ्यापर्यंत सोलकढी ओतली.

"सासू नाका," ती म्हणाली. "ताई, तुमी बसात."

बारा वर्षांत हर्षाताई त्या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. खुर्चीतून जग वेगळं दिसतं, हे त्यांना तेव्हा कळलं. बँक मॅनेजरची आठवण झाली. मागे सेजल झाकण कडेकडेने दाबत होती, हे आवाजावरून समजत होतं. ढेकर काढला की नाही? पंख्याच्या घरघरीत फुस्स ऐकू आलं नाही. मान वळवून बघता आलं असतं. सोपं होतं. हर्षाताईंनी मान वळवली नाही. हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत बसल्या.

सेजलने डबा उपडा केला. चाळीस बायकांनी श्वास धरला. एक सेकंद. दोन. तीन. चार.

टप्.

एक थेंब, गुलाबी, बरोबर कपाळाच्या मध्यावर पडला आणि नाकावरून ओघळत वरच्या ओठावर आला. हॉलमध्ये "अगो बाय!" झालं. सेजलचा चेहरा उतरला. पळीने ओतताना कडेला लागलेला थेंब असावा, की आतला, कोण सांगणार?

हर्षाताईंनी जीभ बाहेर काढून थेंब चाटला. डोळे मिटून चव घेतली.

"मीठ कमी," त्या म्हणाल्या.

"कढी तुमी केल्या," सेजल म्हणाली.

आणि चाळीस बायका अशा हसल्या की एका सासूला उचकी लागली आणि तिला तीच सोलकढी पाजावी लागली. त्या दुपारी मंडळाने इतके डबे सांगितले, की हर्षाताईंच्या दुसऱ्या हातावरही लिहावं लागलं. झाकणं बदलायची नावं मात्र पहिल्याच हातावर, वरच्या ओळीत होती.

सगळं आवरल्यावर सेजलने निळा डबा टेबलावर सरकवला. "हो तुमचो."

हर्षाताईंनी उघडला. आत नेवऱ्या. चवथीच्या आधीच तळलेल्या, अजून कोमट. त्यांनी एक उचलली, दुसरी उचलली. खाली तेल टिपायला कागद घातला होता. चार घड्यांचा. त्यावरची छापील अक्षरं तेलात पारदर्शक झाली होती, आणि 'हर्षा गोकुळदास परब' ही ठळक सही पसरून, एका नेवरीच्या कडेला निळी नक्षी होऊन बसली होती.

त्याच वेळी दत्तप्रसादांचा फोन आला. "ताई, आज शेवटचा दिवस. अर्जाचं काय झालं?"

"तो तळलो," हर्षाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चवथ झाली. वजें मोरजीला गेलं, तिथे वाटलं गेलं, आणि डब्यांची तारीफ होऊन लाडवांना नावं ठेवली गेली, हे रीतीप्रमाणेच. गंगाकाकींच्या साखरेच्या डब्याला लाल ठिपक्याच्या बाईने स्वतः जाऊन नवं झाकण बसवलं आणि वांगी ठिपक्याचं झाकण आपल्या घरी परत गेलं.

निळा डबा अजून हर्षाताईंकडे आहे. ओट्यावर, धुवून पुसून. सेजलने दोनदा विचारून झालं. पण नेवऱ्यांच्या तोडीचं आत काय घालावं, हे हर्षाताईंचं ठरत नाहीये. काल त्यांनी बाबलीलाही विचारलं.

"कायय घाल, वयनी," बाबली म्हणाला. "फकत डबो माज्याकडे दिव नको. तीन दारां आसंत. तूच चल."